कानानं निवडलेलं राउटर

६ फेब्रुवारी

मागची खोली अखेर रिकामी झाली. जुने टायर, तडकलेले आरसे, कुठल्याशा गाडीचा एकटाच दरवाजा, सगळं ह्यांनी गॅरेजमध्ये हलवलं. शेवटची फेरी झाल्यावर कपाळ पुसत म्हणाले, "घे, खोली तुझी. माझ्या पान्यांना मात्र हात लावायचा नाही."

"तुमच्या पान्यांनी मी काय कवळ्या आवळणार आहे?" मी म्हटलं.

नुसतेच हसले. एरवी उलट टोला आला असता. दमले असतील.

नोकरीत असेपर्यंत मी दातांच्या कवळ्या बनवल्या. डॉक्टर साचा पाठवायचे, मी घासूनपुसून दात पाठवायचे. माझ्या हातचं काम कितीजणांच्या तोंडात आहे देव जाणे, त्यांतल्या एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. निवृत्त झाले आणि हातांना चैन पडेना, म्हणून रविवारच्या सुतारकामाच्या वर्गाला जाऊ लागले. वर्ग संपला तेव्हा पदरात एक स्टूल पडलं. भक्कम आहे. पण कडा अशा धारदार की येताजाता माझीच नडगी सोलते.

आता करायचंय ते ह्यांच्या गॅरेजसाठी खणांचं कपाट. तिथे सगळे स्क्रू आणि नटबोल्ट बिस्किटांच्या डब्यांत पडलेले असतात, आणि कुठल्या डब्यात काय आहे हे डबा कानाशी हलवून ओळखायचं. ह्यांना ते जमतं म्हणून सगळ्यांनी तसंच चालवून घ्यायचं! खणांना खाचा हव्यात, कडांना गोलाई हवी. म्हणजे राउटर हवं.

लेकीला फोनवर सांगितलं, राउटर घ्यायचं म्हणतेय. ती म्हणाली, "का, इंटरनेट बंद पडलं का?" मग समजावून सांगावं लागलं. सुतारांचं राउटर वेगळं. उभी मोटर, दोन बाजूंना दोन मुठी आणि खाली गरगर फिरणारं पातं. लाकडावरून नेलं की खाच पडते, पातं बदललं की कड गोल होते. कवळ्या घासायचं आमचं यंत्र असायचं ना, त्याचा हा थोरला, दांडगा भाऊ.

"बोटं सांभाळ," म्हणाली. मग म्हणाली, "बाबांना दे." दिला. त्यांनी दोनतीनदा "हो, हो" केलं आणि फोन माझ्याकडे परत आला. बापलेकीचं बोलणं हल्ली असंच चटकन आटपतं. दोघंही कामाची माणसं.

९ फेब्रुवारी

कपडे धुवायचं यंत्र काम संपल्यावर वाजत नाही, असं ह्यांचं म्हणणं. आज दुपारी त्याचं मागचं झाकण काढून बसले. सगळं सोडवलं, पुसलं, जोडलं. "काही सापडलं नाही," म्हणाले. नंतर मी कपडे लावले, तर शेवटी व्यवस्थित टीं टीं करून वाजलं. ह्यांचा नुसता हात लागला तरी यंत्रं सरळ येतात. दुसऱ्या खोलीत जाऊन सांगितलं तेव्हा खूष झाले.

१२ फेब्रुवारी

हत्यारांच्या दुकानात गेले. दुकानदार चाळिशीचा आहे, बोलायला सावकाश. पहिलाच प्रश्न, "ताई, बनवायचं काय आहे?" मला बरं वाटलं. बाकी दुकानांत "साहेबांना घेऊन या" असं ऐकून आले होते.

त्यानं तीन राउटर काउंटरवर मांडली. एक लहान, एका मुठीत मावणारं. कडांना उत्तम, पण खोल खाच पाडायची तर पुन्हापुन्हा थोडी थोडी कोरत बसावं लागणार. एक भलंमोठं. ते मी उचललं आणि लगेच खाली ठेवलं. कवळ्या घासून घासून माझं उजवं मनगट आधीच कुरकुरतं, त्यात हे पाहुणं कोण सांभाळणार? तिसरं मधलं. त्याची मोटर एकच, पण बैठकी दोन. एका बैठकीत पात्याची खोली आधी ठरवून घट्ट करायची. दुसरी स्प्रिंगवाली, वरून दाबली की फिरतं पातं लाकडात उतरतं, सोडली की वर येतं. वेग कमीजास्त करायला चकती आहे. चालू करताना झटका न देता हळूहळू वेग घेतं.

"पहिलंच असेल तर मधलं घ्या," तो म्हणाला. "लहान घेतलं तर चार महिन्यांत अपुरं पडेल. मोठं घेतलं तर भीतीनं कपाटातच राहील."

मधलं दोन कंपन्यांचं आहे. दोन्ही हातात घेऊन पाहिली. मला काही फरक कळेना. मग म्हटलं, आपण कशाला डोकं शिणवायचं? घरात तिखट कानाचा माणूस आहे की. गाडी घेऊन कुणी गॅरेजच्या दारात आलं की हे म्हणतात, "बॉनेट उघडू नका. नुसती सुरू करा." मग मान तिरकी करून ऐकतात आणि आजार सांगतात. लांबून लांबून लोक येतात ते ह्या कानासाठी. माझे धाकटे दीर त्याच गॅरेजमध्ये भागीदार आहेत, हात त्यांचाही चांगला, पण लोक विचारत येतात ते ह्यांनाच.

दुकानदाराला सांगितलं, आमच्या घरचा कान घेऊन येते.

१५ फेब्रुवारी

राउटर घेतलं!

ह्यांना दुकानात नेणं सोपं गेलं नाही. "तुझं तू घे ना, मला लाकडातलं काय कळतं?" असं दोन दिवस चाललं होतं. मी म्हटलं, "लाकडातलं नाही, मोटरमधलं कळतं ना?" तेव्हा निघाले.

दुकानदारानं दोन्ही यंत्रं पातं न लावता चालवून दाखवली. पहिलं आवाजाला एकसारखं, मोठ्या पंख्यासारखं. दुसरं ग्राहकांना दाखवायला ठेवलेलं, बरंच फिरलेलं. त्याच्या घरघरीवर एक बारीक किंकाळी होती, पाटीवर खडू कर्रकन ओढावा तशी. शेजारी खिळे घेणाऱ्या गृहस्थांनी सरळ कानांवर हात ठेवले. माझ्या तर सगळ्या दातांतून कळ गेली.

ह्यांनी दोन्ही वेळा डोळे मिटले, मान तिरकी केली. पहिलं परत लावायला सांगितलं, दुसरंही परत लावायला सांगितलं. मग म्हणाले, "दुसरं. दमदार आहे. पहिल्यात काहीतरी उगाच सूं सूं करतंय."

दुकानदारानं यंत्र खाली ठेवलं. "साहेब, नक्की? त्याच कंपनीचं पेटीबंद देऊ का? हे फार फिरलंय."

"ऐकलंय तेच घ्यायचं. पेटीत काय आहे कुणाला माहीत!"

मलाही वाटलं होतं की ही किंकाळी बरी नव्हे. पण ज्यांनी हजार मोटरी ऐकल्या, त्यांच्यापुढे मी काय बोलू? दमदार मोटर अशीच ओरडत असेल. पैसे दिले. पावती देताना दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, महिनाभरात कधीही वाटलं तर बदलून देईन. काही विचारणार नाही." मी न मागता! असे दुकानदार हल्ली कुठे राहिलेत?

परत येताना हे खूप बोलले. आपण पहिल्या गाडीचा आजार नुसता ऐकून कसा ओळखला, वगैरे. कितीतरी दिवसांनी एवढे बोलले.

१८ फेब्रुवारी

पहिली खाच पाडली. फळी दोन शिकंज्यांनी बाकाला आवळली, कडेला सरळ पट्टी लावली आणि त्या पट्टीला टेकवून राउटर नेलं. पहिल्यांदा फार हळू नेलं तर लाकूड जळून काळं पडलं. मग जरा भरभर नेलं. मग एकदा उलट बाजूनं नेलं, तर यंत्र हातातून पुढे उडी मारायला निघालं. वर्गातले सर सांगायचे ते आठवलं, पातं ज्या बाजूला ओढतं त्याच्या विरुद्ध न्यायचं. आठवलं, पण उडी मारल्यावर.

कानांवर लावायच्या जाड गाद्या वर्गातच घेतल्या होत्या, त्या लावल्या. तरी ती किंकाळी आत घुसतेच. वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून खाली आल्या. "अहो, कुणाला मारताय का?" त्यांचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसलाय म्हणे. माफी मागितली आणि दुपारची वेळ ठरवून घेतली.

हे मात्र दाराशी उभे राहून बघत होते. कानांवर काही नाही, तोंडावर हसू. "काय गोड चालतंय!" म्हणाले. माझ्या छंदाचं इतकं कौतुक करतील असं वाटलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी

आजचं कसं लिहू कळत नाही. घडलं तसं लिहिते.

दुपारी भावजी आले. मी खाच पाडत होते. ते फाटकापासूनच हात हलवत धावत आले, म्हणून मी बटण बंद केलं.

"वहिनी, ते चालवू नका! बेअरिंग गेलंय त्याचं. कुठून आणलंत हे?"

"दुकानातून. ह्यांनीच तर निवडलंय."

"दादानं? ऐकून?"

"डोळे मिटून ऐकलं. दोनदा."

भावजी बाकावरच टेकले. मी चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले. चहाला नाही म्हणणारा हा माणूस नाही. बराच वेळ लाकडाचा भुसा बोटानं गोळा करत बसले. मग म्हणाले, "दादा घरी कसा असतो हल्ली?"

"कसा म्हणजे? शांत असतात."

"गॅरेजमध्ये पण शांत असतो. मी काही विचारलं तर बघतो आणि गप्प बसतो. मला वाटलं, माझ्यावर रागावलाय. डबे हलवून बघायचं सोडलंय त्यानं, झाकणं उघडून बघतो." मग म्हणाले, "वहिनी, परवा एक गाडी दादानं ऐकून सोडली. ठीक आहे म्हणाला. मी लांब होतो, तरी मला चरचर ऐकू आली होती. म्हटलं, दादा म्हणतोय तर असेल ठीक. उतारावर पट्ट्याची कप्पी अडकली. पट्टा तुटला, स्टिअरिंग जड झालं, गाडी कठड्याला जाऊन घासली. गाडीत त्या माणसाची म्हातारी आई होती. कुणाला काही झालं नाही. पण झालं असतं."

मला राग आला तो भावजींचा. म्हटलं, "एवढ्या वर्षांत एक गाडी चुकली तर लगेच...?"

"तीन चुकल्यात," ते हळूच म्हणाले. "दोन मी मागून नीट केल्या."

ते गेल्यावर मी बाकावरचा भुसा झाडून काढला. ह्यांचं मन कामात नसेल. वय होतं, कंटाळा येतो. मी घरी बसले म्हणून त्यांनाही घरी बसावंसं वाटत असेल. असंच काहीतरी असेल.

२३ फेब्रुवारी

राउटरला हात लावला नाही.

२५ फेब्रुवारी

आज कळलं.

हे धुण्याच्या यंत्राशेजारी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. मी दारात उभी राहून टॉवेलच्या घड्या घालत होते. यंत्र थांबलं आणि वाजायला लागलं. टीं टीं टीं. ह्यांच्या कानापासून हातभर अंतरावर. हे पान उलटून वाचत राहिले. ते वाजत राहिलं. मी हलले नाही. का हलले नाही कोण जाणे.

शेवटी त्यांची नजर माझ्याकडे गेली, मग थांबलेल्या यंत्राकडे. म्हणाले, "बघ, पुन्हा वाजेनासं झालं. आतली काहीतरी तार सुटत असणार."

"अहो, वाजतंय ते," मी म्हटलं. "आत्ता वाजतंय."

त्यांनी यंत्राकडे पाहिलं. मग पुढे वाकून कान त्याच्या पत्र्याला लावला. मी बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही, कुणी नसलेल्या घराची कडी वाजवावी तसं. यंत्र आपोआप वाजायचं थांबलं, तरी ते कान लावूनच होते.

मग सरळ बसले. "चाललंय अजून?"

"नाही. थांबलं."

वर्तमानपत्र मांडीवर ठेवून म्हणाले, "इंजिन ऐकू येतं मला. दार आपटलेलं ऐकू येतं. तू बोलतेस तेही येतं, पण शब्दांच्या कडा गेल्यासारख्या. मला वाटायचं, लोकच पुटपुटायला लागलेत."

"आणि दुकानात?"

"दुकानात दुसरं यंत्र खरंच छान वाटलं गं मला. शपथेवर सांगतो. स्वच्छ घरघर होती. नुसती घरघर."

मी टॉवेलची घडी मोडून परत घातली. बातम्यांचा आवाज वाढवलेला मी रोज ऐकत होते. लेकीचा फोन चटकन संपायचा तोही. कवळीत केसाएवढी फट राहिली तरी मला दिसायची. हे समोर बसून दिसलं नाही.

मग त्यांना त्या गाडीचं सांगितलं, पट्टा तुटल्याचं. भावजींनी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्र नीट घडी करून ठेवलं आणि खोलीत जाऊन झोपले. जेवायला उठले नाहीत.

२७ फेब्रुवारी

गॅरेजला गेले नाहीत. बरं नाही, असं सांगायला मला फोन करायला लावला. दिवसभर मागच्या दाराच्या पायरीवर बसून होते. मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. "जाऊ, जाऊ." मी म्हटलं, राउटर बदलून आणू. तेव्हा एकदम चिडले. "तू आण. मला नेऊ नकोस. माझ्या कानाची जाहिरात व्हायला नको."

हा राग माझ्यावरचा नाही एवढं मला कळतं. ऐकून घ्यायला मात्र मीच होते.

१ मार्च

एकटी गेले. दुकानदारानं पेटी घेतली, एक शब्द विचारला नाही. मी आपणहून म्हटलं, "तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं ना?"

तो ओशाळला. "ताई, साहेब एवढे मन लावून ऐकत होते... चारचौघांत कसं बोलणार? म्हणून म्हटलं, बदलून देईन."

मग मी ठरवलं की आज आपल्या अंगानं निवडायचं. पहिल्या कंपनीचं मधलं राउटर घेतलं आणि दुकानातल्या बाकावर त्याच्याशी अर्धी दुपार खेळले. मुठी धरून बघितल्या, मनगट सरळ राहतं का. मूठ न सोडता बटणापर्यंत अंगठा पोचतो का. दोन पाने न लावता पातं बदलता येतं का. स्प्रिंगवाली बैठक दाबली तर सरळ खाली जाते का अडखळते. मग चालू करायला लावलं आणि डोळे मिटले. हे करतात तशी मान तिरकीसुद्धा केली. पंख्यासारखा आवाज, वर काही नाही.

दुकानदार म्हणाला, "लहान हातात बसतंय की नाही हे बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"मी तोंडात बसतंय की नाही ते बघायचे," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही.

घरी आणून खाच पाडली. वरच्या काकू आल्या नाहीत. हेही आले नाहीत. म्हणजे चांगलं चाललंय की वाईट, सांगायला कुणीच नव्हतं. मीच म्हटलं, चांगलं.

५ मार्च

कानाच्या डॉक्टर. त्यांनी ह्यांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी बाहेरून बघत होते. ह्यांची बोटं बटणावर अशी तयार, शर्यतीच्या सुरुवातीला उभा राहिलेला पोरगा असावा तशी. सुरुवातीला पटापट दाबत होते. मग बोट नुसतंच उभं राहिलं. डॉक्टर आवाज देत होत्या, ते माझ्याकडे बघून हसत होते.

नंतर कागदावर रेघ दाखवली. डावीकडे जाड, खालचे आवाज, तिथे रेघ बरी. उजवीकडे बारीक, उंच आवाज, तिथे रेघ कड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेलेली. "आयुष्य इंजिनांजवळ काढलंत, कानांवर कधी काही लावलं नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "गेलेलं परत येणार नाही. कानात घालायच्या यंत्रानं बोलणं कळेल."

"बेअरिंग कळेल का?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न समजला नाही. मी समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "खात्री देत नाही."

कोपऱ्यावर आल्यावर हे म्हणाले, "तुझ्या त्या कानांवरच्या गाद्या. आणखी एक जोड आणू या. आहे तेवढं तरी राहू दे."

११ मार्च

कानात यंत्र बसलं. सकाळपासून घरात नवा पाहुणा आल्यासारखं चाललंय. माझ्या चपलांचा आवाज येतो, अशी तक्रार. वर्तमानपत्र कुरकुरतं, अशी तक्रार. मग माझ्याकडे टक लावून म्हणाले, "तुझा आवाज असा आहे?"

"कसा?"

"जरा चढा आहे."

"तीस वर्षं तोच आहे."

"असेल. मधली काही वर्षं तू फार गोड बोलत होतीस."

खूप दिवसांनी आलेला टोला. मी तोंड फिरवून हसले, दिसू दिलं नाही.

संध्याकाळी भावजींना बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर सांगितलं, "धाकट्या, मला ऐकू येत नाही. बारीक आवाज मुळीच नाही. ती गाडी मी सोडली, ती ऐकून नाही सोडली. सवयीनं सोडली."

भावजी म्हणाले, "मला वाटलं, तू माझ्यावर रागावलायस." आणि लहान मुलासारखे डोळे पुसायला लागले. मग मीच चहा केला. ह्या खेपेला नको म्हणाले नाहीत.

१२ मार्च

दोघं भाऊ त्या गाडीवाल्याच्या घरी जाऊन आले. ह्यांनी सगळं खरं सांगितलं. गाडीवाल्यानं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि यापुढे गाडी दुसरीकडे नेईन म्हणाला. त्याच्या आईनं मात्र ह्यांना दारापर्यंत पोचवलं.

"बरोबर आहे त्याचं," हे म्हणाले. "मीही तेच केलं असतं." पण रात्री ताटातलं निम्मं तसंच राहिलं.

१६ मार्च

कानातल्या यंत्रानं बोलणं कळतं, गाड्या कळत नाहीत. "सगळं पत्र्याच्या डब्यात घालून हलवल्यासारखं येतं," म्हणतात. गॅरेजला जातात, पण फक्त चाकं काढायला आणि तेल बदलायला. कुणी "ऐका हो जरा" म्हणालं की भावजींकडे बोट करतात. भावजी ऐकतात, पण ऐकलेल्याचं काय करायचं हे त्यांना तितकंसं कळत नाही. रोज उशीर होतोय.

आज दुपारी मी खाचा पाडत होते तर आत येऊन बाकाशी उभे राहिले, कानांवर नव्या गाद्या लावून. बटण बंद केल्यावर म्हणाले, "आता कसा येत होता आवाज?"

"बरा."

"बरा म्हणजे? मला सांग ना नीट. मोकळं चालतं तेव्हा कसा, लाकडाला लागतं तेव्हा कसा?"

मी परत चालवलं, लक्ष देऊन ऐकलं, बंद केलं. म्हटलं, "मोकळं असलं की भुणभुण. लाकडाला लागलं की घरघर. मी घाईनं ढकललं की कण्हल्यासारखं करतं."

"कण्हलं की हात आवरायचा. मोटरीवर भार पडतो. आणि एका जागी थांबलीस की?"

"सी सी करतं. नाक चोंदल्यासारखं."

"मग पातं बोथट व्हायला लागलंय किंवा त्यावर डिंक बसलाय. काढून बघ."

काढून बघितलं. लाकडाचा डिंक काळा होऊन पात्याच्या धारेवर चिकटला होता. पुसला. सी सी गेली. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, "गेली ना?" आणि अशा काही नजरेनं त्या पात्याकडे बघत राहिले की मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण कपड्यावरचा भुसा झटकून निघून गेले. नंतर खिडकीतून पाहिलं तर फोनवर भावजींशी बोलत होते, हातवारे करून.

२४ मार्च

गॅरेजमध्ये गेले होते, कपाटाच्या जागेचं माप घ्यायला. तेवढ्यात एक बाई गाडी घेऊन आल्या. इंजिन चालू ठेवून उभी असली की शिट्टी वाजते म्हणाल्या. दोन ठिकाणी दाखवली, कुणाला कळेना.

"सुरू करा नुसती," हे म्हणाले. मी टेप ठेवून पुढे झाले.

पण मान तिरकी केली ती भावजींनी. हे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. इंजिन चालू झालं. शिट्टी मलाही ऐकू आली, बारीक, लांबट.

"सांग," हे म्हणाले.

"शिट्टी आहे, दादा."

"ते त्याही सांगतायत. कशी? करून दाखव."

भावजींनी बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कानापर्यंत लाल झाले आणि ओठांचा चंबू करून शिट्टी वाजवली. नुसतीच हवा आली. कोपऱ्यात पंक्चर काढणारा खुदकन हसला.

"हे काय, गार चहा फुंकतोयस? मोठ्यानं, खालच्या सुरात कर, मला कळेल अशी. एकसारखी आहे की थरथरती?"

"थरथरती. अशी, हूंऊंऊं..."

"वेग वाढवला की?"

भावजींनी बाईंना खूण केली, इंजिन गुरगुरलं. "कमी होते. सोडलं की परत येते. हूंऊंऊं."

गाडीवाल्या बाई तोंडावर रुमाल धरून ऐकत होत्या. त्यांना हसू येत होतं की भीती वाटत होती, सांगता येत नाही. डोईचे केस पांढरे झालेले दोन भाऊ इंजिनावर वाकून एकमेकांना हूं हूं करून दाखवत होते.

हे डोळे मिटून उभे राहिले. मग म्हणाले, "तेल ओतायचं झाकण सैल कर."

भावजींनी ते फिरवलं. शिट्टी कापल्यासारखी थांबली. ह्यांना शिट्टीही ऐकू आली नव्हती आणि तिचं थांबणंही नाही. त्यांनी फक्त भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिथे जे दिसलं त्यावरून मान हलवली.

"आतल्या झडपेचा रबरी पडदा फाटलाय. तिथून हवा ओढतंय. नवा टाक."

पडदा मिळाला, टाकला. मग ह्यांनी स्वतः किल्ली भावजींच्या हातात दिली. "मी नाही. तू चक्कर मारून ये. चढावर ने, वळणावर ने. मन लावून ऐक."

भावजी गेले. मी माप घ्यायला लागले, पण हे काही आत येईनात. रस्त्याकडे तोंड करून दारातच उभे, पोर शाळेतून यायची वाट बघावी तसे. गाडी वळली, आत आली, नीट थांबलीही नव्हती, आणि हे खिडकीशी वाकून म्हणाले, "हं, सांग. काय काय ऐकलंस?"